शेजारच्या ट्रेमधले नग

द्रुपदाआत्याला कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की घशात काहीतरी अडकायचं. फारच झालं तर ती म्हणायची, "चाललं." आमच्या वस्तीतला पहिला पोरगा कचेरीत कारकून म्हणून लागला, तेव्हा लोकांनी हलगी लावून त्याला स्टेशनपासून वाजतगाजत आणलं. आत्या दारात उभी राहून बघत होती. पोरगा पाया पडायला वाकला तर म्हणाली, "चाललं. पर केसाला त्याल कमी लाव." शिव्यांना मात्र तिच्याकडे तोटा नव्हता. बसवाला, रेशनवाला, नळाला पाणी सोडणारा, पावसात गळणारा पत्रा, सगळ्यांना तिनं वेगवेगळ्या शिव्या नेमून दिल्या होत्या आणि एकाची शिवी ती दुसऱ्याला कधी देत नसे.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. पिंपरीला रेल्वेलाइनीच्या अंगाला आमची पत्र्याच्या खोल्यांची वस्ती होती. आमच्या खोलीला लागून तिची खोली. ती माझ्या वडिलांना 'दादा' म्हणायची, म्हणून ती आमची आत्या. उंच, काटक, चालताना पुढं झुकलेली. उजव्या हातात बांगडी घालत नसे. नवरा जिवंत असताना एक हात मोकळा ठेवते म्हणून बायका नावं ठेवायच्या. ती म्हणायची, "बांगडी तारंत अडकती. कंपनी मला तारंचा पगार देती, बांगडीचा न्हाई."

नवरा जवळच्याच माण गावी राहायचा. तो गाव सोडायला तयार नाही आणि ही गावात राहायला तयार नाही, असा त्यांचा संसार. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. दर गुरुवारी ती माणला जायची, नवऱ्याचे कपडे धुवायची, त्याच्याशी भांडायची आणि संध्याकाळच्या आत परत यायची. गावात कुणाच्या दारात टेकायची नाही, कुणाचा चहा प्यायची नाही. त्याचं कारण तिनं मला एकदा बसमध्ये सांगितलं. लहानपणी ती बापाबरोबर गावच्या हॉटेलात जायची, तेव्हा त्यांच्यासाठीची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असायची. हॉटेलवाला चहा वरून ओतायचा. पिऊन झाला की आपली कपबशी आपणच विसळून परत खोचून ठेवायची. हे सांगताना ती चिडली नाही. बाहेर बघत एवढंच म्हणाली, "त्या कपाला कान नव्हता."

आमची कंपनी भोसरीला होती. रेडिओत आणि विजेच्या मीटरात बसणाऱ्या कॉइल आम्ही गुंडाळायचो. केसासारखी बारीक तांब्याची तार, ती बोटांच्या चिमटीतून सोडत फिरत्या रिळावर घ्यायची. बायकांची बोटं बारीक आणि पगारही बारीक, म्हणून ते सगळं खातं बायकांचं होतं. मला तिथं आत्यानंच लावलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, पण आमच्या घरातला सरला नव्हता. वडील ओतकामाच्या कारखान्यात होते. तिथल्या धुळीनं छाती गेली आणि ते घरी बसले. मी मॅट्रिक होऊन कॉलेजात नाव घातलं होतं, ते काढलं. पाठची तीन भावंडं होती. आई रेशनची लाल मिलो ज्वारी दळून आणायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही.

पहिल्या दिवशी आत्यानं माझी बोटं एकेक करून वाकवून पाहिली, बाजारात भेंडी बघतात तशी. म्हणाली, "चालतील." चालली मात्र नाहीत. पहिले काही दिवस माझी तार सारखी तुटायची. एका दुपारी मला रडू आलं. आत्या आपल्या मशीनवरून मान न वळवता म्हणाली, "रडायचं तर तिकडं त्वांड करून रड. तार भिजली की काळी पडती." मग उठून आली, माझ्या बोटांना खडूची पूड लावली आणि माझ्या कानाशी वाकून तारेशी बोलू लागली, "ये बाये, ये. अंगावर ये. घाई करू नगं." मीही तसंच बोलायला लागले. हसू नका, तार तुटायची थांबली.

तिची दुसरी शिकवण याहून महत्त्वाची होती. प्रत्येकीला दिवसाचा कोटा ठरलेला असे. एवढे नग भरले तरच पूर्ण पगार. हा कोटा ठरवायला कंपनीचा माणूस हातात घड्याळ घेऊन यायचा, एका नगाला किती वेळ लागतो ते शेजारी उभा राहून मोजायचा. त्याला आम्ही घड्याळवाला म्हणायचो. दाराजवळ मोशीच्या शेवंताबाई बसत. मळ्यात वाढलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की नदीपलीकडचं माणूस वळून बघेल. घड्याळवाला दिसला की शेवंताबाई खोकत. मग सगळं खातं हात जड करायचं. कुणी घाम पुसायची, कुणी खडूची पूड शोधायची, कुणी तुटलेली नसलेली तार जोडायची. आत्या मला म्हणाली होती, "आपला खरा हात कंपनीला कदी दावायचा न्हाई. येकदा दावला की तो कंपनीचा झाला."

माझं पुस्तक तिच्या हाती लागलं ते डब्यामुळं. बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. व्हायचं असा बेत मी मनाशी केला होता, फॉर्मही भरला होता, पण घरी बोलायची छाती नव्हती. पुस्तक मी डब्याच्या फडक्यात गुंडाळून न्यायचे. एकदा जेवताना तिनं ते फडकं ओढलं.

"ह्ये काय?"

"इतिहास."

"कुनाचा?"

"फ्रान्सचा."

"तितं आपलं कोन हाय?"

"कुणी नाही आत्या. परीक्षा आहे."

तिनं पुस्तक पुन्हा फडक्यात गुंडाळून दिलं. संध्याकाळी मात्र माझ्याबरोबर सरळ आमच्या खोलीत आली आणि वडिलांच्या खाटेपाशी उभी राहिली. वडील दमानं बोलायचे, दोन शब्दांमध्ये थांबायचे. म्हणाले, "शिकून काय... व्हनार हाय, द्रुपदाबाय? उद्या लगीन..."

आत्या म्हणाली, "दादा, तुमी वतकाम केलंत, तुमची छाती गेली. मी तार वढती, माजं डोळं चाल्लंत. हिचं काय घालवायचं ते येकदा ठरवून टाका."

वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. आईनं चूल फुंकायची थांबवली. बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि आमच्या घरात नाही म्हणायचं असलं की ते लगेच म्हणायची पद्धत होती.

पण वाचायचं कुठं? एका खोलीत सहा माणसं, वडिलांचा खोकला, एकच बल्ब आणि तोही वस्तीची वीज असेल तेव्हा. यावर आत्यानं जो मार्ग काढला तो तिच्या डोक्यात केव्हा आला देव जाणे. प्रत्येकीच्या मशीनशेजारी नग ठेवायला पत्र्याचा ट्रे असे, त्याला तिच्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवलेला. शिफ्ट सुटताना ट्रेमधले नग मोजले जात. बसून कुणी गुंडाळले ते कुणी विचारत नसे. आत्या दुपारच्या चहापर्यंत आपला कोटा पुरा करायची आणि मग गुंडाळलेला एकेक नग डाव्या हातानं माझ्या ट्रेमध्ये ठेवू लागायची. मी पॅकिंगच्या गोदामात खोक्यांच्या मागं बसून वाचायचे. सुपरवायझर बाईंना ते दिसत होतं. त्या नेमक्या त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत असत. आमच्या रांगेतल्या दोघी-तिघींनाही अंदाज असणार, पण आत्यानं कुणाला सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही.

तिची अट एकच होती. परतीच्या बसमध्ये जे वाचलं ते तिला सांगायचं. "न्हाईतर माजी तार फुकट गेली." मग मी तिला फ्रान्सच्या राज्यक्रांतीचं सांगायचे आणि भोवतालच्या बायकाही कान देऊन ऐकायच्या. राजाचं डोकं उडवलं इथपर्यंत आत्या खूश होती. मग मी पुढं सांगितलं की काही वर्षांनी एक सेनापती उठला आणि सम्राट होऊन बसला.

"म्हंजी परत राजाच?"

"तसंच काहीसं."

"मग आदीच्याची मान कापायची दगदग कशापायी केली?" तिनं खिडकीबाहेर थुंकून त्या सेनापतीला एक शिवी दिली. ती तिची नवी होती, मी आधी कधी ऐकली नव्हती. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न आला तेव्हा मला आधी ती शिवी आठवली.

अशी दोनेक वर्षं गेली. पहिल्या परीक्षा निघाल्या. शेवटची तेवढी राहिली होती, तेव्हा कंपनीत नवे साहेब आले. तरुण होते, चष्मा लावायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. तो माणूस वाईट नव्हता हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर आत्या सावध राहिली असती. त्यांच्या लक्षात आलं की एका मुलीची जागा दुपारी रिकामी असते आणि ट्रे मात्र भरतो. दुसऱ्या कुणी आरडाओरडा केला असता. त्यांनी आत्याला आपल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

काच असल्यामुळं आम्हाला सगळं दिसत होतं. आत्या दाराशी उभी. साहेबांनी स्वतः खुर्ची ओढली. ती अगदी कडेला टेकली. शिपायानं चहा आणला, फुलाफुलांच्या कपबशीतून, आणि साहेबांनी आपल्या हातानं ती कपबशी तिच्याकडे सरकवली. ती दोन्ही हातांनी कप धरून प्यायली. साहेब काहीतरी हसून बोलत होते. ते तिनं मला मागाहून सांगितलं. "द्रुपदाबाई, असा हात मी कुठं पाहिला नाही. मला एकदा दाखवाल?"

ती बाहेर आली, मागून साहेब, साहेबांच्या हातात घड्याळ. शेवंताबाई खोकल्या. आत्या मशीनवर बसली. शेवंताबाई पुन्हा खोकल्या, इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या खात्यातले लोक डोकावले. आत्यानं पूड लावली आणि मशीन सुरू केलं.

तसा तिचा हात मी ना आधी पाहिला ना नंतर. बोटं हलताना दिसतच नव्हती. नग होत होते आणि बाजूला पडत होते. साहेबांनी शेवटी टाळी वाजवली. आत्या उठली तेव्हा हसत होती, सासरी पहिलं कौतुक झालेल्या नव्या सुनेसारखी. त्या संध्याकाळी बसमध्ये तिनं मला काय वाचलं ते विचारलं नाही. उतरताना म्हणाली, "कपाला कान व्हता, सुमे."

आठवडा उलटायच्या आत भिंतीवर नवा कोटा लागला. कुणी कितीही हात चालवला तरी भरणार नाही असा. मधल्या सुट्टीत जेवायला फुरसत उरली नाही, बायका मुतारीला जायचं टाळू लागल्या. ज्यांचे डोळे अधू झाले होते त्या म्हाताऱ्या बायकांचा पगार पहिल्याच महिन्यात तुटला. कुणी म्हणाली चुगली झाली, कुणी म्हणाली युनियनवाले मिंधे झाले. केबिनमधला चहा सगळ्यांनी पाहिला होता, तरी तोंडावर कुणी बोलत नव्हतं.

आत्याच बोलली. शिफ्ट सुटताना गेटबाहेर एका दगडावर उभी राहिली. "कोटा माज्यामुळं वाढला. सायबानं च्या पाजला अन् मी हात दावला. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

शेवंताबाई पुढं आल्या. "येका कप च्यापायी, द्रुपदे?"

"व्हय," आत्या म्हणाली. "येका कप च्यापायी."

तिथं उभ्या असलेल्या निम्म्या बायकांना तो कप काय होता ते कळणं शक्य नव्हतं. उरलेल्या निम्म्यांना कळलं, पण पगार त्यांचाही तुटला होता. तिच्या बाजूनं कुणीच बोललं नाही. माझ्या ट्रेचं ती काहीच बोलली नाही, आणि मी तोंड उघडलं तशी तिनं माझं मनगट असं दाबलं की वळ उठला.

मग बायकांनी हात खाली ठेवले. आमच्याकडे त्याला तसंच म्हणायचे, हात खाली. वेळेवर यायचं, मशीनवर बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. कंपनीनं चार दिवस वाट पाहिली आणि गेटला कुलूप लावलं. ऐन उन्हाळा होता. गेटसमोर एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याला जुनं लुगडं बांधून सावली केली आणि बायका रोज तिथं येऊन बसू लागल्या. 'हात आमचा, हिशेब आमचा' अशी घोषणा होती. पहिले काही दिवस ती दणक्यात झाली. नंतर आवाज बसत गेला. पोटात काही नसलं की घोषणाही ओरडवत नाही. काहीजणी चाकणच्या बाजारात कांदे निवडायला जाऊ लागल्या, काहीजणी बांधकामावर पाट्या वाहायला. आमच्या घरी वडिलांचं औषध आणणं बंद झालं. ते रात्रीचे खोकत आणि आम्ही सगळे जागे असूनही झोपल्याचं दाखवत असू.

आत्या रोज सगळ्यांच्या आधी यायची. पलीकडच्या गॅरेजच्या नळावरून हंडा भरून आणायची, झाडाखाली ठेवायची, वर तांब्या. तिचं पाणी कुणी प्यायचं नाही. बायका उठून त्याच नळावर जायच्या आणि ओंजळीनं पिऊन यायच्या. संध्याकाळी ती तो हंडा तसाच लिंबाच्या बुंध्याशी ओतायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. एकदा मी तांब्या उचलला तर तिनं काढून घेतला. "तू नगं पिऊ. त्यास्नी वाटंल माज्या बाजूची हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "गावात माज्या हातचं पानी चालत नव्हतं तवा मी म्हनायची, खोट त्यांच्यात हाय. हितं खोट माजी हाय, सुमे. ह्ये लई जड जातंय."

एका सकाळी पोलीस आले आणि गेटसमोरून उठायला सांगू लागले. साहेबांच्या गाड्यांना वाट हवी होती. बायका बिचकून सरकल्या. आत्या सरकली नाही. वाटेच्या मधोमध बसली होती तशी बसून राहिली. शेवटी चौघांनी तिला हातापायांना धरून उचललं आणि गाडीत टाकलं. जाताना ती त्या चौघांना नेमून दिलेल्या शिव्या देत होती, प्रत्येकाला वेगळी, आणि कित्येक दिवसांनी बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हंडा घेऊन हजर. कोपर सुजलं होतं, हंडा डाव्या कमरेवर घेतला होता. ऊन वर आलं. शेवंताबाई म्हणाल्या, "द्रुपदे, आन हिकडं त्ये पानी." आत्यानं तांब्या भरला. घाईघाईत ओतताना अर्धं पाणी शेवंताबाईंच्या लुगड्यावर सांडलं. त्यानंतर हंडा संध्याकाळपर्यंत उरत नसे.

माझी शेवटची परीक्षा त्याच दिवसांत आली. मी म्हटलं, सगळ्या इथं उन्हात बसल्यात आणि मी पेपर लिहायला कशी जाऊ? आत्या म्हणाली, "तू हितं बसून कोटा कमी व्हनार हाय का? जा. बाकी आमी बसतो." पुण्याच्या केंद्रावर मी उपाशीपोटी पेपर लिहिले. शेवटचा पेपर देऊन मी बसनं तशीच गेटवर आले, तर तिथं सभा चालू होती.

युनियनचे पुढारी तडजोड सांगत होते. कोटा कमी होणार होता. जुना नाही, पण भरता येईल असा. सगळ्यांना कामावर घेणार होते. एकीला सोडून. द्रुपदाबाईंनी दुसरीच्या नावावर नग दाखवून कंपनीची फसवणूक केली, तेव्हा त्यांना परत घेणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. चौकशीत आत्यानं सांगून टाकलं होतं की पोरगी अशक्त होती, तिच्या नकळत मीच ट्रे भरायची. त्यामुळं मला नुसती ताकीद होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "त्या ट्रेवर बिल्ला माझा होता. मला ठाऊक होतं. काढायचं तर दोघींना काढा."

"बस खाली!" आत्या ओरडली. ती माझ्यावर अशी पहिल्यांदाच ओरडली. मग पुढाऱ्यांकडे वळून म्हणाली, "तिचं ध्यान परीक्षेत हाय. तिचं लिवून घेऊ नगा."

पुढारी म्हणाले, "मान्य असेल त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. कुणी नखं बघत होती, कुणी मांडीवरच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ती पोरं इतकी वाळली होती की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग एक हात वर झाला. बिनबांगडीचा. आत्यानं तो उंच धरला आणि सगळ्यांकडे वळून वळून बघत राहिली, एकेकीचा हात वर येईपर्यंत. शेवंताबाई मात्र पदर तोंडात कोंबून बसून राहिल्या. त्यांनी हात वर केला नाही, मीही केला नाही. त्यानं काही फरक पडणार नव्हता.

मला त्या बायकांचा राग येत नाही. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिनंही हात वर केला असता. त्या चष्मेवाल्या साहेबांचाही मी फार काळ राग धरू शकले नाही. पण राग आहे. इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही आणि कुणावर काढावा ते मला कळलेलं नाही.

मी पास झाले. आत्याला सांगायला गेले तेव्हा ती दारात बसून तांदूळ निवडत होती. "चाललं," म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून तिनं माझे हात हातात घेतले आणि बोटं बघितली. तारेचे कापे अजून भरले नव्हते. "आता ह्यास्नी खडूच लागू दे," म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. वर्षभरानं मी नोकरी सोडून शिक्षकीचा कोर्स केला आणि एका माध्यमिक शाळेत लागले. वडिलांनी माझा पहिला पगार पाहिला नाही. आत्याला भोसरीत कुणी दारात उभं करेना. तिचं नाव तिच्या आधी तिथं पोचलेलं असायचं. कधी बांधकामावर, कधी कांद्याच्या वखारीत, अशी ती फिरत राहिली. मग आमची वस्ती हलली आणि आमची ताटातूट झाली.

ती मला शेवटची भेटली ती चिखलीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये. ऐंशी साल उलटून गेलं होतं. तिथं पंख्यांच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळायचं काम चालायचं, नगावर मजुरी. त्यानंतरच्या थंडीत ती माणला नवऱ्याकडे गेली आणि तिथंच गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

शेडमध्ये सात-आठ पोरी होत्या आणि कोपऱ्यात ती. जाड तारेचं काम होतं, बारीक आता तिला दिसत नव्हती. मला आवाजावरून ओळखलं. हात थांबवले नाहीत. शाळा कुठं, आई कशी आहे, धाकट्याला काम लागलं का, सगळं विचारलं. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि मग जे विचारायला आले होते ते विचारलं. "आत्या, माझ्यापायी तुझं सगळं गेलं. तुला पस्तावा वाटतो का गं?"

मला वाटलं होतं ती एक शिवी हासडेल.

"वाटतो," ती म्हणाली. "रोज वाटतो."

तिनं तार कापली, नवीन रीळ चढवलं.

"तुला शिकवल्याचा न्हाई. च्याचाबी न्हाई, तो च्या मी परत मिळाला तर परत पियीन. पर त्ये म्यां चोरून केलं, ह्याचा वाटतो. शेवंताला सांगितलं असतं, रांगंतल्या बायांस्नी सांगितलं असतं, तर परतेकीनं दोन-दोन नग टाकलं असतं. कुनाचा हात दिसला नसता. मला वाटलं, ह्या कशाला करतील आपल्या पोरीसाटी? मीच त्यास्नी परकं धरलं, सुमे. त्येंनी मला धरायच्या आदी."

तेवढ्यात चहाची वेळ झाली. पोरी उठल्या. दाराजवळच्या एका मशीनवर कुणीच नव्हतं, पण शेजारी ट्रे होता. बाहेर जाताना प्रत्येक पोरीनं आपल्या ट्रेमधला एखाददुसरा नग उचलून त्या ट्रेमध्ये ठेवला. बोलणं न थांबवता, चपला ठेवाव्या तितक्या सहज.

"कुणाची जागा ती?"

"हाय येक. धावीच्या परीक्षेला बसलीया. मागं पोत्यावर वाचत आसंल." आत्या उठली, भिंतीला धरत दारापर्यंत आली, चाचपून तो ट्रे शोधला आणि आपल्या हातातला नग त्यात टाकला. "माज्यानं आता येकच व्हतो," ती म्हणाली.

मी ट्रेमध्ये वाकून बघितलं. तिचा नग कुठला ते मला ओळखता आलं नाही.